गवताची काडी

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची गोष्ट येते. आश्रमाच्या दारात झाडाखाली ऋषी हात वर करून, मौन धरून तप करत होते. चोर आले, चोरीचा माल आश्रमात लपवला आणि स्वतःही तिथेच दडले. मागोमाग राजाचे शिपाई आले. चोर कुठल्या वाटेने गेले, असं त्यांनी विचारलं, पण मौन धरलेला माणूस काय सांगणार? झडतीत माल सापडला, चोर सापडले आणि त्यांच्याबरोबर ऋषींनाही सुळावर चढवलं गेलं. ते मेले मात्र नाहीत. चूक कळल्यावर राजा धावत आला, पाया पडला. सूळ काही केल्या निघेना, म्हणून तो कापावा लागला. टोक अंगातच राहिलं. त्या टोकाला अणी म्हणतात, म्हणून ते पुढे अणीमांडव्य झाले.

राजाला त्यांनी क्षमा केली. पण ते तिथे थांबले नाहीत. सरळ यमधर्माच्या दरबारात गेले आणि विचारलं, असं कोणतं पाप माझ्या हातून झालं? धर्माकडे नोंद होती. लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस, त्याचं हे फळ, असं त्याने सांगितलं. त्यावर ऋषींनी धर्मालाच शाप दिला, की तुला मनुष्यलोकी शूद्र योनीत जन्म घ्यावा लागेल. आणि एक मर्यादा घालून दिली: यापुढे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या हातून जे घडेल ते पातक धरलं जाणार नाही. धर्म दासीच्या पोटी विदुर म्हणून जन्माला आला.

कीर्तनात ही गोष्ट बहुतेक वेळा विदुराच्या जन्मकथेपुरती येते आणि कथेकरी पुढे सरकतो. पण बाल न्याय मंडळावर नव्याने नेमलेला सदस्य, निरीक्षणगृहात रुजू झालेली परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), पोलीस ठाण्यात बालकांच्या कामासाठी नेमलेला फौजदार या सगळ्यांनी कामाच्या पहिल्या आठवड्यात ती नीट वाचावी इतकी ती त्यांची आहे. कारण धर्माची नोंद खोटी नव्हती. काडी खरी होती, किडे खरे होते, त्यांना झालेली वेदनाही खरी होती. चुकलं ते वजन. मुलाच्या हातून घडलेलं कर्म मोठ्या माणसाच्या तराजूत टाकलं गेलं.

कर्म मुलाचं किती आणि कधीपासून, हा प्रश्न प्रत्येक परंपरेला पडलेला आहे. विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत बसून मिताक्षरा लिहिली. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रायश्चित्त निम्मं, असं वचन तीत आलं आहे. त्याच ओळीत ऐंशीच्या पुढचा म्हातारा, स्त्री आणि आजारी माणूसही बसवलेला आहे. मूल वयात येईपर्यंत त्याच्या नावावर लेखणी चालत नाही, असं हदीसमध्ये सांगितलं आहे. कॅथलिक चर्चने सातवं वर्ष हे विवेकाचं वय मानलं. भारताच्या फौजदारी कायद्यातही सात वर्षांखालच्या मुलाची कोणतीच कृती गुन्हा नाही, आणि सात ते बारा या वयात त्या मुलाची समज तेवढी पिकली होती का, हे पाहावं लागतं. १८६० च्या दंडविधानातली ही तरतूद आज भारतीय न्याय संहितेच्या कलम २० आणि २१ मध्ये आहे. आणि अठरा वर्षांखालच्या सगळ्यांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे.

आकडे वेगवेगळे, पण रेघ प्रत्येकाला ओढावी लागली. रेघ ओढल्याने मात्र काम संपत नाही. रेघेच्या अलीकडे उभ्या असलेल्या मुलाकडे पाहणार कोण आणि कसं, हे शिल्लक राहतंच. मांडव्यांची गोष्ट इथे बहुतेक कायद्यांपेक्षा पुढे जाते. त्यांनी नियम बदलला आणि न्याय करणाऱ्यालाही खाली पाठवलं. वरून नोंदी पाहणाऱ्याने आता आईच्या पोटी यावं, दुसऱ्याच्या घरात वाढावं, भावांची भांडणं बघावीत, आपलं कोणी ऐकत नाही हे सोसावं. शाप म्हणून वाचलं तर हा सूड वाटतो. प्रशिक्षण म्हणून वाचलं, तर न्याय करणाऱ्याला याहून चांगलं शिक्षण कुठे मिळणार? (शूद्र योनीतला जन्म ही शिक्षा मानणारा समाजही या गोष्टीत उघडा पडतो. तो भाग झाकून गोष्ट सांगू नये. त्याच्याकडे पुन्हा यावं लागणारच आहे.)

कायद्याला प्रशिक्षणाचं महत्त्व ठाऊक आहे. बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्या दोघांत एक स्त्री असलीच पाहिजे. कलम ४ प्रमाणे प्रधान दंडाधिकाऱ्यासह सगळ्या सदस्यांना नेमणुकीपासून साठ दिवसांच्या आत प्रशिक्षण देण्याची जबाबदारी राज्य सरकारची आहे. नियमही बारकाईने लिहिलेले आहेत. मंडळाने उंच चौथऱ्यावर बसायचं नाही, मुलाच्या आणि सदस्यांच्या मध्ये साक्षीदाराचा पिंजरा नको, पोलिसाने गणवेशात यायचं नाही, बेड्या नाहीत, कोठडी नाही. धर्माला दरबारातून खाली उतरवण्याचंच हे काम आहे. एवढं सगळं एका कार्यशाळेत शिकवता येतं. कलमं पाठ होतात, मुदती पाठ होतात. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल, चार महिन्यांत चौकशी पूर्ण. सराईत झालेला माणूस हे झोपेतही सांगतो.

अवघड भाग त्या अहवालाच्या कागदात आहे. कामातली माणसं त्याला नुसतं ‘एसआयआर’ म्हणतात. नियमांसोबत त्याचा नमुना दिला आहे, आणि तो सवडीने वाचला तर कळतं की तो तयार करणाऱ्याने पुष्कळ मुलं पाहिलेली असावीत. मुलाने शाळा का सोडली, या प्रश्नापुढे कारणांची लांब यादी आहे: नापास झाला, घराला कमाईची गरज होती, आईवडील अचानक गेले, शिक्षकांची बेफिकिरी, शाळेत अपमान, शाळेत मारहाण, शिकण्याची भाषा वेगळी. मुलाच्या सवयींचे दोन रकाने आहेत. एकात विडी-सिगारेट, दारू, जुगार. दुसऱ्यात वाचन, खेळ, चित्रं, गाणं. घरातल्यांचं एकमेकांशी कसं आहे, मुलाचे मित्र त्याच्याहून मोठे की लहान, त्याच्यावर कधी अत्याचार झाला का, मोठ्या माणसांनी त्याचा वापर करून घेतला का, हेही विचारलेलं आहे.

हा कागद कचेरीत बसून अर्ध्या तासात भरता येतो. मुलगा समोर असतो, त्याला विचारायचं आणि खुणा करायच्या. ‘जुगार’समोर खूण झाली की संपलं. दुसरा रकाना रिकामा राहतो, कारण सतरा वर्षांचा मुलगा अनोळखी बाईंना आपणहून सांगत नाही की तो ढोलपथकात ताशा वाजवतो.

तोच कागद घेऊन घरी गेलं तर काय होतं? समजा, एक नवी परिविक्षा अधिकारी मोबाइल चोरीच्या केसमधल्या मुलाच्या घरी पहिल्यांदा जाते. दहा बाय दहाची खोली. शेजारणी दारात जमलेल्या. घरातली एकुलती खुर्ची तिच्यासाठी पुढे सरकवली जाते आणि आई खाली फरशीवर बसते. इथेच पहिली परीक्षा आहे. खुर्चीवर बसून विचारलेल्या प्रश्नांना एक उत्तर मिळतं, फरशीवर बसून विचारलेल्यांना दुसरं. आई आधी तिलाच विचारते, “मॅडम, तिथं मारत नाहीत ना हो त्याला? जेवला का तो?” या प्रश्नांना नमुन्यात रकाना नाही. त्यांची उत्तरं दिल्याशिवाय पुढचं एकही उत्तर खरं येत नाही, हे मात्र मुरलेला कोणताही परिविक्षा अधिकारी सांगेल. मग चहा येतो. मग हळूहळू कळतं की बाप दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला, तेव्हापासून मुलगा रात्री गॅरेजमध्ये झोपतो, तिथली पोरं पंचविशीतली आहेत, आणि चोरलेला फोन त्याच्याकडे एक दिवसही राहिला नव्हता.

यातलं काहीही चोरी पुसून टाकत नाही. ज्याचा फोन गेला त्याचा फोन गेलाच. पण आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही काही पडलं.

नव्या माणसाला शिकवण्याआधी त्याच्याकडून काही सोडवून घ्यावं लागतं, आणि त्यात पहिला नंबर आपल्या भाषेतल्याच एका म्हणीचा. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. कौतुकाने म्हटलं तर ही म्हण गोड आहे. निरीक्षणगृहात हीच म्हण निकालपत्र होते. बाप दारुडा, थोरला भाऊ आत, मग हा कसा निघणार? कर्मविपाकाची भाषाही याच कामाला जुंपली जाते: त्याचं नशीबच तसं, पूर्वजन्मीचं भोगतोय. कर्मसिद्धांताचा हा अर्थ खरं तर आळसातून आलेला आहे. केलेलं कर्म भोगून, निस्तरून माणूस पुन्हा मोकळा होतो, ही त्याच सिद्धांताची दुसरी अर्धी बाजू. म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात पातक, प्रायश्चित्त आणि कर्मविपाक यांची चर्चा एकापाठोपाठ एक येते, आणि तो क्रम बोलका आहे. प्रायश्चित्तानंतर माणसाला पुन्हा समाजात घ्यायचं असतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्ये जी सोळा तत्त्वं दिली आहेत, त्यांत नव्या सुरुवातीचं एक स्वतंत्र तत्त्व आहे, आणि कलम २४ सांगतं की या कायद्याखाली दोषी ठरल्यामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता चिकटणार नाही, अपवाद फक्त सोळा वर्षांवरच्या ज्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालला त्याचा.

सामाजिक तपासणी अहवालाच्या त्याच नमुन्यात जातीचाही रकाना आहे. महाराष्ट्रात या रकान्याला इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये रद्द झाला. अशाच एका जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ चं. त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते अभ्यासक्रमांत गेलं, आणि तरीही कुठे घरफोडी झाली की पारध्यांच्या पालावर आधी जायचं ही रीत पुरती मोडलेली नाही. धर्माने काडीची नोंद तरी ठेवली होती, इथे मुलाने काडी हातात घेण्याआधीच नाव लिहून तयार असतं. ‘पारधी’ हा शब्द रकान्यात लिहिताना नव्या अधिकाऱ्याचा हात एक क्षण थांबला पाहिजे. शाळेच्या दाखल्यासाठी, घरकुलासाठी, शिष्यवृत्तीसाठी त्या माहितीचा उपयोग आहे, आणि संशयासाठी तिचा काडीइतकाही उपयोग नाही. ज्या प्रशिक्षणात यावर तासभर बोलणं होत नाही, ते अपुरं आहे.

मुंबईत डोंगरीला उमरखाडीचा जुना तुरुंग आहे. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या बदनामी खटल्यात आगरकर आणि टिळक इथे १०१ दिवस होते. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, आणि शेक्सपिअरच्या हॅम्लेटचा अनुवादही इथे हाती घेतला. १९२४ मध्ये मुंबई बालक कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि मोठ्यांसाठी बांधलेली ती वास्तू पुढे मुलांसाठी वापरात आली. भिंती त्याच. कायदा बदलला, पाटी बदलली, पण भिंतीला आपला जुना उपयोग आठवत असतो. तिथे नव्याने रुजू होणाऱ्या माणसाला त्या भिंतींच्या विरुद्ध दिशेने रोज थोडं चालावं लागतं. शंभर दिवसांत दोन शिकलेल्या, जाणत्या, स्वतःच्या मतासाठी आत गेलेल्या तरुणांचं जे झालं ते आगरकरांनी लिहून ठेवलं आहे. पंधरा वर्षांच्या, न लिहिणाऱ्या मुलाचं काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

आणि मुंबईनेच याचं एक उत्तरही पाहिलेलं आहे. त्याची सुरुवात मात्र शिकागोतली. १८९९ मध्ये तिथे जगातलं पहिलं बाल न्यायालय सुरू झालं, तेव्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना सरकारी तिजोरीतून पगार द्यायची सोय कायद्यात नव्हती. गरीब वस्तीत जाऊन राहणाऱ्या हल हाउसच्या स्त्रियांनी पुढाकार घेऊन वर्गणीतून पगार उभे केले. तिथेच राहणारी अल्झिना स्टीव्हन्स ही पहिल्या अधिकाऱ्यांपैकी एक. वस्तीत राहायचं, मग वस्तीतल्या मुलाबद्दल बोलायचं, ही त्यांची पद्धत. शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले तेव्हा त्यांनी भायखळ्याच्या नागपाड्यात, वस्तीच्या मधोमध, नेबरहुड हाउस चालवलं. १९३६ मध्ये त्याच नागपाड्यात समाजकार्य शिकवणारी भारतातली पहिली संस्था सुरू झाली, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. वर्ग आणि वस्ती एकाच आवारात. धर्माला विदुर व्हावं लागलं, त्याचं याहून नेमकं शैक्षणिक रूप सापडणं कठीण.

हे सगळं नसलं की काय होतं, ते पुण्याने पाहिलं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव गेला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता. देशभर संताप उसळला. मग मुलगा निरीक्षणगृहात गेला, जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं, ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने मंडळाच्या दोन सदस्यांच्या नेमणुका रद्द केल्या, आणि जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली.

त्या संतापात खरं दुःख होतं. दोन घरांतली मुलं परत येणार नव्हती. पण निबंध मऊ होता एवढ्यापुरती ती चूक नव्हती. तो कोणत्याही मुलाला, कोणत्याही प्रकरणात देता आला असता, हा त्याचा दोष. त्यात हा मुलगा नव्हता, त्याचं घर नव्हतं, आणि ज्यांचं मूल गेलं त्यांच्यासाठी एक शब्द नव्हता. कायद्याच्या कलम १८ मध्ये समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, परिविक्षेवर सुटका, तीन वर्षांपर्यंत विशेष गृह अशा कितीतरी वाटा आहेत. मुलाला ओळखल्याशिवाय त्यांतली एकही निवडता येत नाही. आणि दयेच्या नावाखाली मेलेल्यांना विसरणारा न्याय लोक स्वीकारत नाहीत, ते बरोबरच आहे. मांडव्यांनीही किड्यांची वेदना नाकारली नव्हती.

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक अत्याचारात एक आरोपी अल्पवयीन होता. त्यानंतर कायद्यात कलम १५ आलं. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळाने त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम कळण्याची पात्रता आणि कोणत्या परिस्थितीत ते घडलं हे प्राथमिक पातळीवर तपासायचं, आणि त्यावरून तो बाल म्हणून राहणार की मोठ्यांच्या न्यायालयाच्या वाटेला जाणार हे ठरायचं. गुन्हा त्याने केला की नाही हे ठरण्याआधीच, तो करण्याची क्षमता त्याच्यात होती का, हे विचारायचं. नीतिशास्त्राच्या प्राध्यापकालाही घाम फुटावा असा हा प्रश्न, आणि तो सोडवायला मुदत तीन महिन्यांची. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरुग्रामच्या एका शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात सांगितलं, की हे नाजूक आणि विशेष ज्ञान लागणारं काम आहे. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर मंडळाने तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. एक बुद्ध्यांक चाचणी आणि दहा मिनिटांच्या गप्पा यांवर मुलाचं पुढचं आयुष्य ठरू नये, एवढं तरी त्यातून पक्कं झालं.

विदुराकडे एकदा परत जायला हवं, कारण गोष्ट तिथे सोपी राहत नाही. दुर्योधन जन्मला तेव्हा अपशकुन झाले, आणि कुळासाठी या एका मुलाचा त्याग करा, असा सल्ला धृतराष्ट्राला देणाऱ्यांत विदुरही होता. लहानपणच्या एका काडीसाठी माणसाला सुळावर देणारा धर्म, त्यासाठी शाप भोगणारा धर्म, दासीच्या पोटी येऊन सगळं पाहिलेला धर्म, शेवटी पाळण्यातले पाय पाहून निर्णय सांगून बसला. पुढे दुर्योधनाने जे केलं त्यावरून विदुराचं बरोबर होतं, असं पुष्कळजण म्हणतात. पण टाकून द्यायला सांगितलेलं मूल ज्या घरात वाढलं, त्या घरात त्याच्याकडे सगळे कोणत्या नजरेने पाहत असतील? एकदा घेतलेलं प्रशिक्षण माणसाला जन्मभर पुरत नाही. दहा वर्षं या कामात घालवलेला अधिकारी मुलाच्या चपलेकडे बघून केस ओळखू लागतो, तेव्हा त्याला नव्या माणसापेक्षा जास्त शिकण्याची गरज असते.

म्हणून शेवटी एक विनंती. मुलांच्या आरोग्याच्या, शिक्षणाच्या किंवा कल्याणाच्या कामात किमान सात वर्षं घालवलेला माणूस, तसंच बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र किंवा कायद्याची पदवी घेऊन व्यवसाय करणारा माणूस बाल न्याय मंडळाचा सदस्य होऊ शकतो. शाळेतले निवृत्त शिक्षक, वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या बाई, बालरोगतज्ज्ञ, आश्रमशाळेत आयुष्य घालवलेले गुरुजी असे वाचक या मासिकालाही असणारच. महिला व बाल विकास विभागाची पुढची जाहिरात निघाली की अर्ज करा. निवड झाली तर साठ दिवसांच्या आतलं प्रशिक्षण लेखी मागा. आणि मंडळाच्या खुर्चीवर बसण्याआधी एखाद्या परिविक्षा अधिकाऱ्याबरोबर एका मुलाच्या घरी जाऊन या.